घरी बनवलेला विजेवरचा हायड्रोफॉइल बोर्ड पाणी सोडत नाही : मोटार वाढवावी की पंख?

पाण्यावरचा पुणेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली दीड वर्षे सुट्टीच्या दिवशी थोडेथोडे काम करून मी विजेवर चालणारा हायड्रोफॉइल बोर्ड तयार केला आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : सर्फबोर्डासारख्या फळीच्या खाली सुमारे पाऊण मीटर लांबीचा उभा, चपटा दांडा असतो, त्याला मास्ट म्हणतात. मास्टच्या खालच्या टोकाला विमानासारखे एक मोठा आणि एक लहान असे दोन पंख असतात आणि त्यांच्या थोडे वर मोटार व प्रोपेलर बसवलेला असतो. पुरेसा वेग आला की पाण्याखालचे पंख फळीसह माणसाला वर उचलतात आणि फळी पाण्याला न शिवता दीड-दोन फूट उंचीवरून जाऊ लागते. निदान तसे व्हायला हवे. माझी फळी मात्र पाणी सोडायला तयार नाही.

तपशील असा : माझे वजन ८४ किलो, बॅटरीसह सगळ्या सरंजामाचे ३१ किलो, म्हणजे एकूण ११५ किलो. फळी थर्माकोलच्या गाभ्यावर काचकापड आणि इपॉक्सी चढवून केली आहे. तिची लांबी १७० सेंटिमीटर आणि घनफळ सुमारे १२५ लिटर आहे. पुढचा पंख ११०० चौरस सेंटिमीटरचा, तयार विकत घेतलेला. मोटार इलेक्ट्रिक स्केटबोर्डात वापरतात त्या ६३७४ मापाची, १९० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला १९० फेरे, किलोव्होल्ट नव्हे), पाण्यातच उघडी फिरणारी. प्रोपेलर १४ सेंटिमीटर व्यासाचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला. मोटारीला जाणारी वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर ६० व्होल्ट मर्यादेचा आहे. बॅटरीत २१७०० मापाचे, प्रत्येकी ४.२ अँपिअर-तासांचे ९६ सेल आहेत, १२ मालिकेत आणि ८ समांतर.

गेल्या महिन्यात मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या खाडीत चाचणी घेतली. पूर्ण थ्रॉटल दिला तरी जीपीएसवर ताशी १५.५ किलोमीटरच्या पुढे आकडा गेला नाही. बॅटरीतून ९० अँपिअर ओढले जात होते, आणि पाऊण मिनिटात कंट्रोलर तापून स्वतःच शक्ती कमी करत होता. फळीचे नाक वर येत होते, शेपूट मात्र पाण्यात रुतून बसत होती.

माझा विचार असा आहे की बॅटरी १४ मालिकांची (म्हणजे १२ ऐवजी १४ सेल मालिकेत, जास्त व्होल्टची) करावी आणि त्याहून मोठा कंट्रोलर घ्यावा. खर्च बराच आहे, म्हणून करण्याआधी विचारतो : मार्ग बरोबर आहे का?


उचल आणि ओढ

आपण आकडे इतके व्यवस्थित दिले आहेत की उत्तर त्यांतच आहे. शक्ती वाढवण्याआधी पंखाकडे पाहावे, असे माझे मत आहे.

पंखाची उचल काढण्याचे सूत्र सोपे आहे : पाण्याच्या घनतेची निम्मी संख्या, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि उचल-गुणांक (पंखाचा आकार आणि तिरपेपणा यांवर ठरणारी संख्या) यांचा गुणाकार. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो धरा. पाणी सोडण्याच्या क्षणी उचल-गुणांक ०.७ च्या आसपास धरता येतो. त्याहून फार पुढे जाण्यासाठी नाक आणखी वर केले तर पाण्याचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि उचल वाढण्याऐवजी कोसळते. आता आपला ताशी १५.५ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ४.३ मीटर. ०.११ चौरस मीटरच्या पंखावर त्या वेगाने मिळणारी उचल सुमारे ७१० न्यूटन, म्हणजे ७२ किलो वजन पेलण्याइतकी होते. एकूण वजन ११५ किलो आहे. उरलेले ४३ किलो फळीचे बूड पाण्यावर घासत वाहून नेत आहे, आणि ९० अँपिअर बहुतांशी त्या घासण्यातच खर्ची पडत आहेत.

हेच सूत्र उलट फिरवले की दिसते की आपल्या पंखाला ११५ किलो उचलायला ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेग हवा. शेपटीचा पंख समतोलासाठी खालच्या दिशेने थोडे दाबत असतो, तो हिशेबात घेतला तर वीस-एकवीस. त्याऐवजी १७०० चौरस सेंटिमीटरचा पंख लावला तर हाच वेग ताशी १५.७ किलोमीटरवर येतो, आणि तेथपर्यंत आपण आजच जवळजवळ पोहोचलेले आहात. लागणारा वेग क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणून पंख दीडपट केला तरी वेगातली बचत दीडपट होत नाही. पण येथे अडलेले आहे ते चार-पाच किलोमीटरसाठीच.

ही अडचण जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर फॉइलची नौका पळवली आणि दूरध्वनीवाल्या ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-४ या नौकेने १९१९ मध्ये कॅनडात ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा दोघांच्याही नौकांना शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक पंख होते. कमी वेगाला सगळ्या पायऱ्या पाण्यात असत, आणि वेग वाढून नौका वर आली की वरच्या पायऱ्या आपोआप पाण्याबाहेर जात. आपल्याकडे एकच पायरी आहे, त्यामुळे तिचे क्षेत्रफळ कमाल वेगासाठी न निवडता पाणी सोडण्याच्या क्षणासाठी निवडावे लागते. मोठ्या पंखाने वळणे जड होतील आणि वरचा वेग कमी मिळेल, परंतु शिकणाऱ्याला दोन्हींची गरज नसते.

एकदा फळी वर आली की काय होते तेही पाहा. पंख, मास्ट आणि मोटार मिळून उचलीच्या साधारण नवव्या हिश्शाइतकी ओढ होते असे धरले, तर आपल्यासाठी ती १२५ न्यूटन. सेकंदाला ६ मीटर वेगाने त्यासाठी ७५० वॅट लागतात. प्रोपेलर, मोटार आणि कंट्रोलर यांत मिळून निम्मी शक्ती वाया गेली असे मानले तरी बॅटरीतून दीड किलोवॅटच जावी. आपण आज पावणेचार किलोवॅट खर्च करून पाण्यातच आहात. त्यामुळे १४ मालिकांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.


मंदगती

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, पण फक्त पंख बदलून काम होईल याच्याशी नाही. कंट्रोलर का तापतो, याचे उत्तर पंखात नाही.

आपली मोटार १९० केव्हीची आहे, म्हणजे तिला एक व्होल्ट दिला तर बिनभाराची मिनिटाला १९० फेरे फिरते. १२ मालिकांच्या बॅटरीवर, ४३ व्होल्टला, हे आठ हजारांच्या वर जाते. १४ सेंटिमीटरच्या प्रोपेलरला पाण्यात ही गती कधीच साधणार नाही. मोटार तेथवर जाण्याची धडपड करत राहते आणि भरमसाट प्रवाह ओढते. स्केटबोर्डात हीच मोटार पट्टा आणि दातेरी चक्रांतून गती उतरवून चाकाला जोडलेली असते, आपण मात्र ती थेट जोडली आहे. सुरुवातीच्या काळात घरी बोर्ड बनवणारे बरेच लोक याच कारणासाठी मोटारीपुढे पाचास एक गतीची गिअरपेटी लावत. ती पेटी आवाज करी, आणि तिच्या सीलमधून पाणी शिरे. आता १०० ते १२० केव्हीच्या, पाण्यात थेट फिरणाऱ्या मोटारी मिळतात, त्या घ्याव्यात.

मोटार एका अँपिअरला किती पिळा (टॉर्क) देते हे केव्हीच्या व्यस्त प्रमाणात असते. १९० केव्हीची मोटार अँपिअरला ०.०५ न्यूटन-मीटर देते, १०० केव्हीची ०.०९५. म्हणजे तेवढ्याच पिळ्यासाठी कंट्रोलरमधून निम्मा प्रवाह जातो, आणि त्याच्या ट्रान्झिस्टरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती जवळपास चौथाईवर येते. येथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : आपण वाचलेले ९० अँपिअर हा बॅटरीचा प्रवाह आहे, मोटारीच्या तारांतला प्रवाह कमी गतीला त्याहून कितीतरी जास्त असतो. बेंजामिन वेडर यांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या वेस्क प्रकारच्या कंट्रोलरमध्ये या दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या घालता येतात. त्या दोन्ही तपासा.

१०० केव्हीला भारासह मिनिटाला सुमारे ३४०० फेरे मिळतील. त्यावर १६ सेंटिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्याला १४ सेंटिमीटर पुढे सरकणारा प्रोपेलर बसतो. थोडी घसरण धरून सेकंदाला साडेसहा मीटर, म्हणजे आपल्याला हवा तोच वेग. छापलेल्या प्रोपेलरची पाती भाराखाली वाकतात, तेव्हा तो चाचणीपुरता ठेवून नंतर धातूचा लावावा. कंट्रोलर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून ती पट्टी फळीच्या बुडातून पाण्याला टेकवली तर वेगळ्या पंपाची गरज उरत नाही.

आणि १४ मालिका आपल्या सध्याच्या ६० व्होल्टच्या कंट्रोलरवर कधीही जोडू नका. पूर्ण भरलेल्या १४ मालिका म्हणजे ५८.८ व्होल्ट. थ्रॉटल सोडताना उठणारी व्होल्टची एक लहानशी उसळीही त्याला जाळायला पुरेल.


पाण्यावरचा पुणेकर

दोघांचेही मनापासून आभार. चूक नेमकी कोणाची हे कळावे म्हणून आधी फक्त पंख बदलून पाहतो आणि मग मोटार. दरम्यान एक भीती विचारून ठेवतो. गेल्या वेळी बॅटरीची पेटी उघडली तेव्हा आत चमचाभर पाणी होते. झाकणाला रबरी गॅसकेट आहे, सोळा स्क्रू आहेत, आणि घरी बादलीत बुडवून पाहिली तेव्हा एक बुडबुडाही निघाला नव्हता.


चौदा सेल

माझा व्यवसाय दुचाकींच्या बॅटऱ्या बांधण्याचा आहे, म्हणून या प्रश्नावर लिहिल्यावाचून राहवत नाही. हा चमचा किरकोळ समजू नका.

बादलीत पेटी कोरडी आणि खाडीत ओली, याचे कारण बहुधा ऊन आहे. किनाऱ्यावर दुपारी काळ्या रंगाची बंद पेटी आतून ६० अंशांपर्यंत तापली आणि मग २८ अंशांच्या पाण्यात उतरली, की आतली हवा आक्रसते आणि दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. दहा टक्के म्हणजे एक मीटर खोल पाण्याइतका दाब, तोही आतल्या बाजूने ओढणारा. आपली पेटी फळीत पाण्याच्या पातळीवरच आहे, पण गॅसकेटला ती एक मीटर खाली असल्यासारखी वाटते. यावर दोन उपाय आहेत. पेटीला हवा जाऊ देणारे पण पाणी अडवणारे पडद्याचे छिद्र बसवावे. ते मिळेपर्यंत एक लहान स्क्रूचे भोक ठेवून फळी सावलीत थंड होऊ द्यावी आणि पाण्यात उतरण्याच्या क्षणी ते बंद करावे. गॅसकेटची परीक्षा बादलीत न घेता हातपंपाने आतली थोडी हवा ओढून घ्यावी, आणि दाबाचा काटा तासभर हलतो का ते पाहावे. पेटीत प्रत्येक वेळी टिपकागदाची पट्टी चिकटवून ठेवा. ती खोटे बोलत नाही.

खारे पाणी सेलपर्यंत पोहोचले तर विजेने त्याचे विघटन होते, हायड्रोजन आणि क्लोरिन हे वायू बंद पेटीत साठतात, आणि पट्ट्या गंजून कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो. ते त्याच दिवशी होईल असे नाही. घरी आणून ठेवल्यावर रात्री होऊ शकते. म्हणून ओली झालेली बॅटरी घरात आणू नये, चार्ज तर मुळीच करू नये. आपल्या ९६ सेलांत जवळपास १४५० वॅट-तास ऊर्जा आहे. एरवीही चार्जिंग झाकण उघडे ठेवून, सिमेंटच्या फरशीवर, आपण जागे असताना करावे.

क्षमतेबाबत चिंता नको. ९० अँपिअर ८ समांतर सेलांत वाटले की प्रत्येकी ११-१२ अँपिअर होतात, आणि आपले सेल जास्त प्रवाहाचे असतील तर त्यांना ते जड नाही. वर सांगितलेल्या दीड किलोवॅटने सलग चालवली तर पाऊण तास मिळेल. शिकताना वारंवार पाणी सोडून वर उठावे लागते, म्हणून अर्धा तास धरावा. बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवून गरज पडल्यास प्रवाह तोडणारे सर्किट) फक्त चार्जिंगच्या वाटेवर ठेवा. तो चालताना अचानक तोडू लागला तर फळी त्याच क्षणी खाली बसते आणि माणूस पुढे फेकला जातो. चालतानाची खालची मर्यादा कंट्रोलरमध्ये घाला : ३८.४ व्होल्टपासून शक्ती हळूहळू कमी होऊ द्यावी आणि ३६ ला पूर्ण बंद. मुख्य तारेवर फ्यूज हवाच.


खाडीकाठ

मी देवबागचाच आहे. चाचणी आमच्या खाडीत झाली म्हणून चार गोष्टी सांगतो, हिशेबाच्या नव्हेत.

मास्ट, पंख आणि वरचा थोडा वाव मिळून तुम्हाला किमान दीड मीटर पाणी हवे. आमच्या खाडीत वाळूचे पट्टे सरकत असतात. मागच्या वर्षी जेथे नावाडी बांबू टेकवू शकत नव्हते तेथे यंदा गुडघाभर पाणी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर चढते, पण ओहोटी लागली की मुखाकडची ओढ फार असते आणि फळी बंद पडली तर हाताने वल्हवत परतणे होत नाही. शिकायला अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस बरे, ओढ कमी असते. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरावे आणि ओहोटी लागण्यापूर्वी बाहेर पडावे. दुपारनंतर वारा उठतो, म्हणून सकाळच. मासेमारीची जाळी कोठे लावली आहेत हे आधी विचारून घ्या. तुमचा प्रोपेलर आणि आमचे जाळे यांची गाठ पडली तर नुकसान दोघांचे. येथे जलक्रीडेची परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती बंद असते. एकट्याने उतरू नये, काठावर होडीसह एक माणूस असावा.

फळीबद्दल एक. आपण इपॉक्सी वापरली हे वाचून बरे वाटले. मी पहिली फळी केली तेव्हा होड्यांची कामे करणाऱ्या एका कारागिराला काचकापड चढवायला दिली. त्याने होडीला लावतात तेच पॉलिस्टर रेझिन थर्माकोलवर ओतले. त्यातले स्टायरिन थर्माकोल खाते हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. सकाळी पाहतो तर वर कडक साल आणि आत पोकळ खड्डा, नासलेल्या फणसासारखा.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटारीवर गोड्या पाण्याची बादली ओता, मग ती दोन मिनिटे हळू फिरवा म्हणजे बेअरिंगमधले पाणी झडेल. ॲल्युमिनियमच्या मास्टमध्ये स्टेनलेस स्टीलचे बोल्ट कोरडे पिळू नका. दोन धातू आणि मीठ एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते आणि बोल्ट कायमचे बसतात. सागरी ग्रीस लावूनच घट्ट करा, आणि दर खेपेला सोडवून पुन्हा लावा.

शेपूट रुतते म्हणालात. तुम्ही मागे उभे राहत असणार. थ्रॉटल दिला की नाक वर येते, सोडला की खाली जाते. शरीर वर आणि ढकलणारा प्रोपेलर खोल, त्यामुळे ते होणारच. बॅटरी पुढे सरकवा, आणि पहिले काही दिवस गुडघ्यांवरच बसून चालवा.


पाण्यावरचा पुणेकर

मंडळी, उशिराने कळवतो, कारण दोन बदल वेगवेगळे तपासायचे होते.

पहिल्या खेपेला फक्त १७०० चौरस सेंटिमीटरचा पंख लावला आणि बॅटरी वीतभर पुढे घेतली. गुडघ्यांवर बसून ताशी १६ किलोमीटरला फळी खरोखरच उठली. त्या वेळी पाण्याचा आवाज एकदम थांबतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. पण चाळीस सेकंदांनी कंट्रोलरने पुन्हा शक्ती कमी केली आणि मी पाण्यात. म्हणजे ‘उचल आणि ओढ’ यांचे बरोबर होते, आणि ‘मंदगती’ यांचेही.

दुसऱ्या खेपेला १०० केव्हीची मोटार आणि १६ सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा प्रोपेलर लावला. मोटारीची बैठक भोसरीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. पाणी सोडताना बॅटरीतून ६२ अँपिअर गेले. वर आल्यावर ताशी २१ किलोमीटरला काटा ३३ ते ३६ अँपिअरच्या मध्ये राहिला, म्हणजे दीड किलोवॅटच्या हिशेबाला अगदी धरून. सलग सर्वांत लांब धाव चार मिनिटांची झाली. अकरा वेळा पडलो. हेल्मेट आणि फोमचे जाकीट घातले होते, तरी पंखाची कड एकदा पोटरीला निसटती लागली. आता पडताना उडी सरळ बाजूला मारायची हे शरीराला शिकवतो आहे, आणि प्रोपेलरभोवती कडे बसवण्याचे काम हाती घेतले आहे. रिमोटचा चाप सोडला की मोटार थांबते. मात्र संपर्क तुटल्यावरही ती थांबते का हे मी आजवर तपासलेच नव्हते. रिमोट पाण्यात बुडवून पाहिला तेव्हा मोटार दीड सेकंद फिरत राहिली. ती वेळ कमी करून घेतली आहे.

पेटीला पडद्याचे छिद्र बसवले. घरी येऊन उघडली तेव्हा टिपकागद कोरडा होता.